नववी खेळाडू

मुलींच्या संघात मुलगा चालेल का, हा प्रश्न आता कुठेही निघाला की लोक तावातावाने बोलतात. मला लोणावळ्याचं मैदान आठवतं. दहावीत असताना या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ यावं म्हणून मी पंचांचे पाय धरले होते.

आंदर मावळातली आमची शाळा एवढीशी. खो-खोला नऊ मुली लागतात, आठ जणी ओळीत बसायला आणि एक धावायला. आमच्याकडे मोजून नऊच होत्या, राखीव कुणी नाही. लोणावळ्याच्या मैदानावर त्या दिवशी निवड समितीच्या बाई येणार होत्या. त्यांनी घेतलं तर खेळाडूंच्या वसतिगृहात राहून मला अकरावी करता येणार होती. वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं, “निवड झाली तर जा. न्हाईतर शिक्षान बास. रोज कालेजला कशानं जाशील? यष्टीचा भरवसा न्हाई.”

सकाळी फाट्यावर जीप थांबली. माझी मैत्रीण, आमची नववी खेळाडू, तिथून चढायची होती. तिच्याऐवजी तिचा आठवीतला भाऊ उभा होता. अंगात तिचीच जर्सी, छातीवर ताणलेली.

“ताई आवणीला गेलीय,” तो म्हणाला. “आज आमच्यात सावड हाय. आबा म्हनले, घरातलं येक मानूस गेलं की झालं.”

आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, सावडीनेच होते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. एकाला जमलं नाही तर घरातलं दुसरं कुणीतरी जातं आणि सावड फिटते. तिच्या वडिलांनी खो-खोचा संघही त्याच हिशेबात धरला होता. त्यात त्यांचं काडीचंही कपट नव्हतं. उलट शब्द पाळला म्हणून ते खूश असणार. आमच्या खेळाच्या सरांना आधी हसू आलं, मग त्यांनी मोबाइल लावला. पावसात आमच्याकडे रेंज कसली! शेवटी त्याला जीपमध्ये घेतलं.

मैदानावर पंचांनी तो मुलगा आहे हे एका नजरेत ओळखलं आणि ते नाही म्हणाले.

मी मध्ये पडले. “सर, तो धावणार नाही. नुसता बसेल. खो मिळाला की लगेच दुसरीला देईल. हळू उठेल, सर!” काय वाट्टेल ते बोलत होते मी. तो पोरगा बिचारा मान खाली घालून जर्सी खाली ओढत होता.

समोरच्या संघाची कॅप्टन पुढे आली. शहरातली, नीट दोन वेण्या घातलेली. “मग आम्हीही आमच्या शाळेतली मुलं बसवू का? आम्हाला मुलींचा म्हणून एक संघ आहे, तोही द्यायचा का?”

तिचं बरोबर होतं. म्हणूनच ती मला जास्त खुपली. मी खाली वाकून पंचांचे पाय धरले. ते दचकून मागे सरले. “बाळ, ऊठ. नियम आहे.”

समोरच्यांना न खेळताच पुढे चाल मिळाली. निवड समितीच्या बाईंनी छत्री उघडली आणि त्या दुसऱ्या मैदानाकडे गेल्या. त्यांनी मला धावताना पाहिलंच नाही.

परतताना मी फाट्यावरच उतरले आणि तडक मैत्रिणीच्या खाचराकडे गेले. प्लॅस्टिकचा कागद पांघरून बाया ओळीने वाकल्या होत्या. मैत्रीण त्यांच्यात होती. “जिकलो का गं?” तिने विचारलं. मला रडूच फुटलं. बांधावर उभ्या असलेल्या तिच्या वडिलांना मी ओरडून म्हणाले, “आबा, पोराला हितं लावायचं आन् तिला सोडायचं की!”

ते खरोखरच गोंधळले. “अगं, आवनीला पोरगा कसा चालंल? ह्ये बायांचं काम हाय.”

बाया हसल्या. मैत्रीण हसली नाही. तिने रोपांची पुढची मूठ उचलली.

संध्याकाळी वडिलांनी एवढंच विचारलं, “घेतलं का?” मी नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सावड आमच्यात होती. मैत्रीण वेळेवर आली. तिच्या जागी भावाला धाडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आम्ही दोघी शेजारी वाकून रोपं लावत होतो आणि माझी अकरावी त्या चिखलात गेली.