बाबांचं इंजिन आणि ढोकेकाकांचा जोडडबा

बाबांच्या इंजिनावर मी करवत चालवणार होते. ज्यांनी माझा हात धरला, ते ढोकेकाका आज सकाळी गेले.

चहाचा कप हातात होता म्हणे. त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी मिहानच्या ऑफिसात नुकतं लॉगिन करत होते.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. नागपुरात आम्ही नऊ वेडे आहोत, मॉडेल ट्रेनवाले. कपलरवरून आमची जेवढी भांडणं झाली, तेवढी माझी नवऱ्याशीही झाली नसतील.

कपलर म्हणजे दोन डबे जोडणारा हुक. नखाएवढा असतो, पण अख्खी गाडी त्याच्या भरवशावर.

काकांनी जन्मभर रेल्वेच्या यार्डात खरे डबे जोडले. रिटायर झाल्यावर नागपूरजवळ कन्हानच्या घरी छोटे डबे घेऊन बसले.

गंमत म्हणजे त्यांच्याकडे इंजिन नव्हतंच! फळीवर नुसते चौदा मालडबे, ओळीत.

विचारलं की म्हणायचे, "इंजिन डायवरचं राह्यते. आपलं काम डब्याचं."

माझी अडचण उलटी होती. बाबांच्या मागे त्यांची एकच वस्तू मी मागून घेतली, ते जुनं इंजिन. त्याला जुना कडीवाला कपलर, माझ्या डब्यांना नवे. एकमेकांत अडकायचेच नाहीत.

त्यात एका डब्याचा कपलर खाली लोंबत होता, तो मी ग्लू लावून पक्का केला. वाटलं, काय डोकं चालवलं! पहिल्याच वळणावर डबा आडवा.

काकांनी डबा डोळ्यांसमोर धरला. "कपलर हालला पायजे वं. तू तं त्याचे हातपाय बांधून ठेवले."

मग इतवारी बाजारातल्या पितळी पट्टीतून स्वतः घासून बनवलेलं माप काढलं. आधी उंची मापायची, मग कपलर निवडायचा. आणि हातानं ढकललेला डबा वळण सुखरूप पार करत नाही, तोवर त्याला इंजिन लावायचं नाही.

मी म्हटलं, "काका, इंजिनाचाच कपलर कापून नवा बसवते."

"काहून? कोनाचं हाय हे?"

"बाबांचं."

"मंग त्याले काहून कापून राहिली? डब्याचा कपलर बदलता येते ना. एका डब्याले पुढून जुना लाव, मागून नवा. इंजिनाले कायले हात लावतं?"

एवढं सोपं होतं. आम्हा बाकीच्या आठ जणांत एकालाही सुचलं नव्हतं.

वयानं काकांचे हात आता थरथरायचे. कपलरची स्प्रिंग तिळाएवढी. त्यांच्या चिमट्यातून ती दोनदा उडाली.

मला वाटलं, चिडतील. त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. "आता तू बसव. मी सांगतो."

चाळीस वर्षांची कारागिरी अशी हसत दुसऱ्याच्या हातात द्यायला किती मोठं मन लागतं! मला नाही जमणार.

माझ्याही हातून तीनदा उडाली. चौथ्यांदा बसली.

गेल्या रविवारी तो पुढून जुन्या, मागून नव्या कपलरचा जोडडबा घेऊन मी कन्हानला गेले. जेवणाच्या टेबलावर रूळ मांडले. बाबांचं इंजिन, जोडडबा, मागे काकांचे चौदा डबे. आधी काकांनी सगळे डबे हातानं फिरवून पाहिले, मगच मान हलवली.

गाडी सुटली. एकही डबा तुटला नाही.

काका खुर्चीवरून उठून टेबलाभोवती गाडीच्या मागेमागे चालत होते. सून म्हणाली, "मामंजी, पडान."
ऐकतो कोण!

निघताना ते हळूच म्हणाले, "दोन दिवस राहू दे ना वं इंजिन इथं."

माझा हात इंजिनावरच राहिला. बाबांची एकच वस्तू. कन्हान लांब. पडलं, हरवलं तर?

त्यांनी माझा चेहरा वाचला. लगेच म्हणाले, "ने, ने. मीबी नसतं ठेवलं कोनाच्या घरी." आणि स्वतःच फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलं.

ज्या माणसानं ते इंजिन वाचवलं, त्याच्यावर माझा दोन दिवसांचा भरवसा नव्हता. आज दिवसभर हेच डोक्यात आहे. लाज वाटते.

दुपारी तीच पिशवी घेऊन मी कन्हानला गेले. बुद्धवंदना झाली, सगळे काकांना घेऊन निघाले. मी आत जाऊन फळीवरच्या चौदा डब्यांपुढे जोडडबा लावला. त्यापुढे इंजिन.

सून मागून आली. "ताई, हे तं तुमचं हाय ना?"

म्हटलं, "हो. दोन दिवस राहू द्या."

जय भीम, काका.