मामांची जर्मन भाऊबंदकी

जर्मनीतली संस्थानं बुडून शंभरावर वर्षं झाली, पण त्यांचं सुतक अजून पाळणारा माणूस पृथ्वीवर एकच असेल आणि तो इंग्लंडात, स्लाऊमध्ये राहतो. हे माझ्या बायकोचे मामा. हॉस्पिटलात त्यांनी चाळीस वर्षं लोकांना भूल दिली. रिटायर झाल्यापासून तेच काम घरी येणाऱ्या पाहुण्यांवर करतात, असं मामींचं म्हणणं. डायनिंग रूमच्या भिंतीवर, उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर काढलेल्या त्या जर्मन राजांच्या वंशावळी लटकतात. लिप्पे, वाल्डेक, अनहाल्ट. रॉइस घराण्यात तर प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिखच, नंबर तेवढा वेगळा. मामांना ते नंबरासकट पाठ, पण कचऱ्याची हिरवी बिन कोणत्या वारी बाहेर ठेवायची हे ते अजून शेजाऱ्याला विचारतात. एकदा पोहे खाता खाता मी चुकून विचारलं, की एवढीएवढीशी संस्थानं झाली तरी कशी?

"भाऊ, जावईबापू, भाऊ," मामा म्हणाले. "बाप गेला की वाटण्या. आपल्याकडे कोकणात फणस वाटून घेतात, यांनी गावं घेतली."

पुढचे दोन तास माझे पोहे वाळत होते.

एका गोष्टीवर मात्र मामा खरोखर चिडतात. एखाद्या राजाला नुसत्या मुलीच असल्या की गादी कुठल्यातरी लांबच्या चुलतभावाकडे जायची आणि शाखा संपली असं लिहायचे. मामा अशा ठिकाणी लाल पेनाने मुली, त्यांचे नवरे, पोरंबाळं सगळं भरतात. असंच चाललं असताना पुण्याहून त्यांच्या स्वतःच्या कुळाच्या कुलवृत्तांताचा फॉर्म आला. मामांना एकच मुलगी, शमा. तिचा नवरा वेल्सचा, आणि त्यांची मुलगी माया आठ वर्षांची. फॉर्ममध्ये मुलीच्या मुलांना जागाच नव्हती. मामांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. शेवटी मामी म्हणाल्या, "अहो, जर्मन राजकन्यांना न्याय देता, मग नातीला कधी?" तेव्हा मामांनी जास्तीचा कागद जोडून फॉर्म पाठवला. कुलवृत्तांत समितीच्या गृहस्थांनी फोनवर अतिशय नम्रपणे समजावलं, की प्रथेप्रमाणे नातीची नोंद तिच्या वडिलांच्या कुलवृत्तांतात होईल. वेल्समध्ये कुलवृत्तांत कोण छापतं, हे मामा अजून शोधताहेत.

गेल्या महिन्यात तो जाडजूड ग्रंथ आला. आम्ही सगळे तिथेच होतो. मामांचं नाव, खाली शमाचं, आणि त्याखाली कोरा कागद. माया खुर्चीवर चढून बघत होती.

"आजोबा, माझा नाव कुठे आहे?"

मला फार वाईट वाटलं. साध्या प्रश्नाला दोन तास उत्तर देणारे मामा नुसतेच उठले. पुस्तकावर पेन्सिलची रेघसुद्धा ज्यांना खपत नाही, त्यांनी लाल पेन मायाच्या हातात दिलं आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तिने इंग्रजीत नाव लिहिलं आणि शेजारी एक मांजर काढलं. मामा शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घालत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही. काहीतरी बोलायचं म्हणून जन्मात पहिल्यांदा मी आपण होऊन विचारलं, "मामा, ते हाइनरिख कितव्या नंबरापर्यंत गेले?"

"पुढच्या खेपेला सांगतो," मामा हळूच म्हणाले. "आज आमच्या घराण्याचं काम आहे."