अकरा सह्यांचे देवस्थळी

निशिकांत देवस्थळींना आयुष्यात एकच शौक होता, आणि तो म्हणजे प्रकल्पांवर देखरेख. हसू नका. कोणाला गाण्याचा असतो, कोणाला पत्त्यांचा, यांना हा होता. तांजोंग पगारला नवव्या मजल्यावर, दवाखाने चालवणाऱ्या एका कंपनीच्या मुख्य ऑफिसात, १९९७ पासून ते ठाण मांडून बसले होते. कंपनीत कुठलाही प्रकल्प निघो, त्याला देवस्थळींच्या चार टप्प्यांतून जावंच लागे. एका टप्प्याचे कागद पुरे झाल्याशिवाय पुढचा टप्पा नाही, आणि कागद पुरे म्हणजे अकरा सह्या. महिनाअखेरीला बासष्ट पानी अहवाल निघायचा. त्यात प्रत्येक प्रकल्पापुढे हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका. लाल ठिपका पडला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

माणूस मात्र वाईट नव्हता हं. फार पूर्वी एका प्रकल्पाचे कागद कोणी नीट बघितले नाहीत, आणि पेशंटांच्या नोंदी भलत्याच माणसांच्या हाती लागल्या. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता.

२०१६ साली त्यांची गाठ पडली चैत्रालीशी. पुण्याची पोरगी, बत्तीस वर्षांची, बुओना व्हिस्टाच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर आठ जणांची टीम घेऊन बसलेली. पेशंटांना फोनवरून नंबर घेता यावा असं अ‍ॅप ती करत होती, आणि करत होती अजाइल पद्धतीने. म्हणजे काय, तर वर्षभराचा आराखडा आधी लिहून काढायचा नाही. दोन आठवडे थोडं काम करायचं, वापरणाऱ्यांना दाखवायचं, ते जिथे नाक मुरडतील तिथे बदलायचं, की पुन्हा दोन आठवडे. आता जी वस्तू दर पंधरा दिवसांनी बदलते, तिच्यावर अकरा सह्या कोण करणार आणि कधी?

"सर, एकदा डेमोला या ना. अर्ध्या तासाचं काम आहे," असं ती दर दुसऱ्या शुक्रवारी लिहायची.

"डेमो ही देखरेखीची सभा नव्हे," असं देवस्थळी कळवायचे. हे किती वेळा व्हावं? एकोणीस वेळा! अ‍ॅप तीन महिन्यांपासून खालच्या दवाखान्यात चाचणीसाठी लावलंय, हे शेवटच्या सहाही निमंत्रणांत लिहिलेलं होतं. पण निमंत्रण शेवटपर्यंत वाचतो कोण? पहिल्या टप्प्यातच अडकलेला प्रकल्प लोकांच्या हातात असूच शकत नाही, अशी देवस्थळींची पक्की समजूत होती.

नऊ महिन्यांत एकही सही नाही म्हटल्यावर त्यांनी लाल ठिपका दिला आणि पुढे लिहिलं, 'प्रकल्प थांबवावा.' प्रकल्प चालू ठेवायचे की बंद करायचे हे ठरवणाऱ्या समितीची सभा गुरुवारी होती. समितीच्या प्रमुख मिसेस लिम त्यावर मान डोलावणार, हे ठरल्यासारखंच होतं. प्रकल्प गेला की टीम मोडणार, आणि चैत्रालीचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या परक्या देशात राहून काम करायचा परवाना, याच नोकरीवर होता. म्हणजे बाईंना गाशा गुंडाळून परत. देवस्थळींना हे ठाऊक होतं, वाईटही वाटत होतं. पण नियम तो नियम.

आणि नेमकी मंगळवारी सुलेखाताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, डोळ्यांची तपासणी आली. कंपनीच्याच बुओना व्हिस्टाच्या दवाखान्यात. तिथे अडीच तास बसावं लागतं हा दरवेळचा अनुभव, म्हणून देवस्थळी बुकित तिमाहच्या घरातून थर्मास, पेपर आणि पाठीला लावायची छोटी उशी घेऊन निघाले.

"अहो, ठेवा ती उशी," सुलेखाताई म्हणाल्या. "मी घरूनच नंबर घेतलाय फोनवर. अजून नऊ जण आहेत म्हणे आपल्या आधी. चला, हॉकर सेंटरला प्राटा खाऊ."

उशी तरी बरोबर आलीच. खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या गजबजाटात दोघांनी गरमगरम प्राटा, म्हणजे तिथला पराठा, खाल्ला, कोपी म्हणजे तिथली कॉफी प्यायली. कितीतरी वर्षांनी मंगळवारी सकाळी दोघं नुसती गप्पा मारत बसली होती, आणि देवस्थळी चक्क हसत होते. तेवढ्यात फोन वाजला, 'आता निघा.' दवाखान्यात पोचले आणि पाचव्या मिनिटाला सुलेखाताई आत!

बाहेर आल्यावर त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "कोणी बनवलं गं हे? त्याला पेढे द्यायला हवेत."

"वरच्या मजल्यावरच्या चैत्रालीने, आंटी. खाली येऊन आमच्याशेजारी बसते, आम्ही सांगू ते बदलून देते. पण गुरुवारी बंद करणार म्हणतात. हेड ऑफिसमधला कोणी अंकल आहे, तो म्हणतो कागद नाहीत."

सुलेखाताईंनी हळूच मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

"कोण हो हा अंकल?"

उशी बगलेत मारून देवस्थळी तसेच जिना चढले. चैत्राली त्यांना बघून ताडकन उठली, चेहरा पांढराफटक.

"बस. मला एवढंच दाखव, पेशंटची नोंद कोणी उघडली हे कळतं का?" तिने दाखवलं. कोणी, कधी, कशासाठी, सगळं आपोआप लिहिलं जात होतं. अकरा सह्यांनीसुद्धा कधी एवढं कळलं नव्हतं. देवस्थळींनी चार तास खोदून खोदून विचारलं, दोन भोकं शोधून काढली, आणि टीमने ती त्यांच्या डोळ्यांदेखत बुजवायला घेतली. गड्याला मजा यायला लागली!

गुरुवारी समिती नवव्या मजल्यावर भरलीच नाही. देवस्थळींनी सगळ्यांना दवाखान्यात, पेशंटांच्या खुर्च्यांवर नेऊन बसवलं. अर्धा तास नुसतं बघायला लावलं. मग ते उभे राहिले. एकोणीस वर्षांत त्यांनी स्वतःची शिफारस कधी मागे घेतली नव्हती.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मी कागद बघत राहिलो, काम बघितलंच नाही. लाल ठिपका मागे घेतो. यापुढे या प्रकल्पाला बासष्ट पानं नकोत, एक पान पुरे. दर पंधरा दिवसांनी आपल्यापैकी एकाने इथे येऊन चालतं काम बघायचं, आणि दर तीन महिन्यांनी पुढे जायचं की नाही ते ठरवायचं. पेशंटांच्या नोंदींची तपासणी मात्र मी सोडणार नाही, ती दर वेळी होणारच."

मिसेस लिमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, निवांत बसलेल्या पेशंटांकडे बघितलं.

"कॅन लाह, निशी, कॅन!" म्हणजे तिथल्या बोलीत, चालेल की, अगदी चालेल!

शुक्रवारी विसावा डेमो होता. देवस्थळी पेढे घेऊन दहा मिनिटं आधीच हजर. त्यांना बघताच चैत्राली धावत जाऊन भिंतीवरच्या फळ्यासमोर आडवी उभी राहिली.

"बाजूला हो बघू," देवस्थळी म्हणाले.

फळ्यावर कामांच्या चिठ्ठ्या होत्या. 'अडलेलं' या रकान्यात एक जुनी, कडा दुमडलेली चिठ्ठी एकटीच चिकटली होती. 'देवस्थळी सरांना आणणे. काम पुरं कधी? सर स्वतः वापरतील तेव्हा.'

देवस्थळींनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग फोन काढला आणि ब्लड प्रेशरच्या तपासणीचा नंबर घेतला. सुलेखाताई दोन वर्षं त्यासाठी मागे लागल्या होत्या. मग चिठ्ठी सोडवून त्यांनी 'झालं'च्या रकान्यात नीट दाबून लावली. हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला, आणि त्यांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात झोकात सही ठोकली.

"एकच आहे," ते म्हणाले. "चालेल?"

चैत्रालीचे डोळे भरून आले होते. "चालेल, सर."