काळ्या रानाचे टायर

आबा वैशाखात गेले. त्यानंतर कित्येक महिने मी जीपच्या टायरकडे पाहिलंच नाही. ते काम त्यांचं होतं.

मी तेव्हा तासगावात दवाखाना चालवत होते. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. लग्न केलं नव्हतं. राहून गेलं म्हणा. सकाळी गावातले पेशंट बघायचे आणि दुपारी जीप घेऊन पूर्वेकडच्या खेड्यांना जायचं, असा रोजचा क्रम. जीप आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते फौजेत गाड्या चालवायला शिकवायचे. सुभेदार होऊन साताऱ्याला परतले आणि लष्कराच्या लिलावात ही जीप घेऊन बसले. मला त्यांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या माळावर गाडी शिकवली ती नव्या भरतीच्या पोराला शिकवावी तशी, ओरडून ओरडून. मी दवाखाना काढला तेव्हा ती माझ्या दारात आणून उभी केली, किल्ली हातात दिली आणि स्वतः एसटीने परत गेले. मग दर रविवारी यायचे. आधी गाडीखाली शिरायचे, मग घरात. हवा, तेल, टायर सगळं त्यांच्या ताब्यात. मी फक्त चालवायची.

तेराव्याला भाऊ मुंबईहून आला होता. निघताना म्हणाला, "गाडी विकून टाक. आणि इथं एकटी काय करतेस? आमच्याकडे ये." मी बघते म्हणाले. तो गेला. रविवार मात्र येत राहिले. साताऱ्याची गाडी स्टँडवर लागायच्या वेळेला माझा हात आपोआप स्टोव्हकडे जायचा, आणि चहा उकळल्यावर लक्षात यायचं की पातेल्यात पाणी जास्त झालंय.

भाद्रपदात पाऊस लागला. आमच्या पूर्वेला पाऊस पडला तर तेव्हाच पडतो, आणि पडला की काळी रानं भाकरीच्या पिठासारखी मऊ होतात. एका दुपारी अग्रणी नदीकडच्या एका वस्तीवरून सांगावा आला की सून अडली आहे, डाक्टरीणबाईंना लगेच घेऊन या. सांगावा आणणारा सायकलवरून आला होता, तो तसाच पुढे औषधं घ्यायला गेला. मी एकटीच निघाले. डांबरी रस्ता सरळ पार पडला. वस्तीची वाट सुरू झाली आणि दोन रानं ओलांडल्यावर जीप बसली. पुढच्या चाकांचा गिअर टाकला, मागे घेतली, पुढे काढली. चाकं नुसती फिरत होती. खाली उतरून बघितलं तर चारही चाकं मातीचे लाडू झालेली. टायरवर नक्षी म्हणून काही उरलीच नव्हती, मग माती निसटणार कुठून!

बॅग डोक्यावर घेतली, चपला हातात घेतल्या आणि चालत निघाले. एरवी पाच मिनिटांची वाट. त्या दिवशी पाऊल उचललं की पायाबरोबर शेरभर काळी उचलली जायची. दोनदा पडले. सारखं मनात येत होतं की आपण पोचू तेव्हा काय ऐकावं लागेल.

वस्तीवर पोचले तेव्हा दारात हसण्याचा आवाज. बाळ झालं होतं. वस्तीवरच्या म्हातारीने सुटका केली होती. बाळ रडलं होतं, बाळंतीण चांगली होती. मी तपासलं, तपासण्यासारखं फार नव्हतं. सासू म्हणाली, "आवं डाक्टरीणबाई, लय हाल झालं तुमचं. झालं बगा देवाच्या दयेनं." त्यांनी मला पाय धुवायला गरम पाणी दिलं, गूळ दिला, चहा दिला. सगळी बाळाभोवती गोळा झाली होती. मी ओट्यावर बसून चहा प्याले. मला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू. पण तिथे बसल्याबसल्या असं वाटलं की आपण वाटेत कुठेतरी राहिलो असतो तर हे कोणाच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली असती. आणि माझ्या घरी तर लक्षात येणारं कोणी नव्हतंच.

बाळाच्या आज्याने बैल जुंपून जीप बाहेर काढून दिली. म्हाताऱ्याने बैलांना उभं केलं, टायरवर हात फिरवला आणि म्हणाला, "ह्ये टायर न्हाईत, भाकरीचं तवं हाईत. बदला की बाई."

"बदलते," म्हटलं.

त्या शनिवारी सांगलीला गेले. स्टँडच्या मागच्या रस्त्याला टायरचं एक दुकान होतं, आबा तिथूनच घ्यायचे. मालक माझ्याहून वयाने बराच मोठा, पांढरी टोपी, खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसलेला. त्याने माझ्या मागे नजर टाकली.

"साहेब आले न्हाईत?"

"कोण साहेब?"

"गाडीवाले."

"गाडी माझीच आहे. मीच चालवते."

तो पाय खाली सोडून नीट बसला. मी आबांची मुलगी, ते वैशाखात गेले, असं सांगितलं तेव्हा त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग आतून टायर काढून माझ्यासमोर भिंतीला लावून ठेवले. एक साधा, सडकेचा: बारीक रेघांची नक्षी. आबा नेहमी हाच घ्यायचे. दुसरा जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेला. तो मी बाजूलाच सारला. आणि तिसरा लष्करी गाड्यांना असतो तसा, बोटाएवढ्या जाड रबरी गट्ट्यांचा. दोन गट्ट्यांमध्ये माझी चार बोटं मावत होती.

"ह्यो चिखल धरून ठेवत न्हाई. फिरला की फेकून देतोय," तो म्हणाला. "पर सडकंवर ह्यो लय बोंबलतोय. आन वल्ल्या डांबरावर घसरतोय, त्ये आदीच सांगतो. झिजतोय बी लवकर. रोजच्या गाडीला लोक घेत न्हाईत."

मी म्हटलं, "मला रोजच चिखल लागतो."

"रोज? जाता कुठं रोज?"

साधा प्रश्न होता, टायर विकणाऱ्या माणसाने विचारायचाच. पण मी सांगायला लागले आणि थांबेचना. सोमवारी कुठल्या गावाला जाते, मंगळवारी कुठल्या. कुठे डांबर संपतं, कुठे मुरूम आहे, कुठला ओढा गुडघाभर असतो. कुठल्या वाटेवर उसाच्या गाड्यांनी चाकोऱ्या पाडल्यात, द्राक्षांचे नवे मांडव झालेत तिथे पाटाचं पाणी रस्त्यावर कसं येतं. धनगरांच्या कुठल्या तळावर जाताना पावसात गाडी अर्ध्यावर सोडून चालत जावं लागतं. चहा आला, गार झाला. मला एकदम जाणवलं की आबा गेल्यापासून मी माझ्या दिवसाबद्दल कोणाशीही इतकं बोलले नव्हते. पेशंट बोलायचे, मी ऐकायची. शेजारणी "काय बाई, बरं हाय न्हवं?" म्हणायच्या आणि उत्तराआधी पुढे जायच्या. मी तोंड मिटलं. गार चहा एका घोटात संपवला.

दुकानदाराला त्यातलं काही कळलं नसावं. तो माझ्या वाटा मनात मोजत होता. म्हणाला, "मग असं करा. मागं गट्ट्याचं दोन, फुडं साधं दोन. भागंल."

इथे मात्र आबा कानात ओरडले. चारही चाकांना जोर द्यायचा तर चारही चाकांनी जमीन धरली पाहिजे. पुढची घसरली तर गाडी वळणारच नाही, हे त्यांनी मला माळावर शंभरदा ऐकवलं होतं. आणि त्याच आबांनी कधीही गट्ट्यांचे टायर घेतले नव्हते, कारण त्यांच्या मते निम्म्याहून जास्त रस्ता डांबरी होता. होताही, त्यांनी पाहिला तेवढा. ते रविवारी यायचे. रविवारी मी खेड्यांना जात नव्हते.

"चारही गट्ट्यांचे," मी म्हणाले.

"बगा हां. आवाजानं डोकं उठंल."

"उठू दे."

परत येताना आवाज कळला. डांबरावर जीप अशी घुमत होती की चक्की डोक्यावर घेऊन चाललोय असं वाटावं. स्टिअरिंग जड झालं, दंड भरून आले. तासगावात शिरले तर लोक दुकानांतून वाकून बघायला लागले. पहिले काही दिवस मला पश्चात्ताप झाला. मग पुन्हा पाऊस लागला आणि काळ्या रानातून जीप रेड्यासारखी शिरली. मातीचे गोळे टपावर, काचेवर, माझ्या पदरावर उडाले, पण ती थांबली नाही. ओढ्यापलीकडच्या कडक जमिनीवर येऊन मी इंजिन बंद केलं. मोठ्याने हसले मी. पण सांगायला कोणी नव्हतं. समोरच्या बांधावर एक बगळा उभा होता, तोही उडून गेला.

पुढे त्या आवाजाची गावांना सवय झाली. मी वेशीवर यायच्या आत पेशंट देवळाच्या ओट्यावर येऊन बसलेले असायचे. "बाईंची गाडी मैलावरनं कळतिया," म्हणायचे.

थंडीच्या सुरुवातीला साताऱ्याचं घर आवरायला गेले. भाऊ मुंबईहून येणार होता, जमलं नाही त्याला. कराडच्या पुढे अवकाळी सर आली आणि ओल्या डांबरावर जीप घसरली. दुकानदार खोटं बोलला नव्हता. गाडी आडवी होऊन रस्त्याच्या कडेला, बाभळीजवळ थांबली. मला काही झालं नाही. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून खिडकीतून विचारलं, "काय लागलं बिगलं न्हाई न्हवं? बरोबर कोण हाय?"

"कोणी नाही. एकटीच आहे."

"मग दमानं जावा बाई. घाई कुनाला हाय?"

खरंच कोणाला नव्हती. मी बैलगाडीच्या चालीने साताऱ्याला पोचले. गल्लीत वळले तर शेजारचे काका काठी टेकत बाहेर आलेले. आबांच्याच पलटणीतले, तेही एकटेच राहायचे. मला बघून त्यांचा चेहरा उतरला, मग हसले.

"मला वाटलं मिलिटरीचा ट्रक आला. म्हटलं, आता कोण आलं आपल्याकडे."

त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली. "हे टायर तुझ्या बापानं बसवू दिले नसते, पोरी."

"नसते दिले."

"भांडली असतीस?"

"हो."

ते मान हलवत उभे राहिले. मग म्हणाले, "जेवायला ये. पिठलं आहे." मी आबांचं घर न उघडताच त्यांच्याकडे गेले. जेवताना त्यांनी विचारलं, कुठल्या वाटांनी जातेस, चिखल केवढा असतो. या वेळी मी मध्येच तोंड मिटलं नाही, सावकाश सगळं सांगितलं. त्यांना ऐकू कमी यायचं. ते अधूनमधून भलत्याच जागी मान डोलवत होते, आणि मी सांगत राहिले.

जीप मी विकली नाही, मुंबईलाही गेले नाही. टायर दुकानदार म्हणाला तसे लवकरच झिजले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने काही न विचारता तेच चार बाहेर काढले, आणि मला थोडं वाईट वाटलं. जाता कुठं रोज, एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं.