शेकलेला बँजो

मुलगी कंपनीच्या कामानं अमेरिकेला गेली होती. येताना तिनं माझ्यासाठी पाच तारांचा बँजो आणला. तिकडच्या डोंगराळ भागात ब्लूग्रास नावाचं एक पळतं संगीत आहे, त्यातलं हे वाद्य. "दुपारभर मोबाईल चाळता बाबा, त्यापेक्षा त्यावरच बघून हे शिका."

आमच्या पिंपरी पेंढारला बँजो म्हणजे मिरवणुकीतला, बटनांचा. शेजारी आला, उलटासुलटा करून म्हणाला, "भाऊ, ह्याची बटनं अमेरिकेतच राह्यली की!"

उजव्या हाताच्या तीन बोटांत तारा छेडायच्या नख्या घालायच्या आणि अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट असं न थांबता फिरवायचं. पन्नाशी ओलांडलेली माझी बोटं एकमेकांत अडखळत. त्यात श्रावणात बँजोचा आवाज बसला. दमट हवेनं तोंडावरचं कातडं सैल पडलं असणार, असं धरून मी अंगणात उसाचं पाचट पेटवलं आणि हलगी शेकवतात तसं बँजोचं तोंड जाळावर धरलं. पांढरा पडदा आक्रसला आणि मधोमध भोक पडलं. प्लॅस्टिकचा होता तो.

जवळच्या नारायणगावात तमाशाचे फड आहेत, त्यामुळे ढोलकी मढवणारेही आहेत. त्यातला सगळ्यात जाणकार माझा वर्गमित्र. शाळा सुटल्यापासून मी त्याचं दुकान टाळत आलो. जीपमधून उतरलो की मुद्दाम पलीकडच्या गल्लीनं जायचो. का, ते बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

शाळेच्या लेझीम पथकात तो वडलांची हलगी वाजवायचा. तालुक्याच्या स्पर्धेच्या दिवशी त्यानं ती शेकवून ठेवली आणि नळावर पाणी प्यायला गेला. मला एकदा तरी ती वाजवायची होती. आणखी कडक बोलेल म्हणून मी ती पुन्हा जाळावर धरली. कातडं टरकलं. मी हलगी पालथी ठेवून रांगेत जाऊन उभा राहिलो. आमचं नाव पुकारल्यावर त्यानं ती उचलली. सरांनी सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. "इतकं शेकवतात का रे?" तो पथकातून गेला. दुसऱ्या दिवसापासून शाळेची हलगी माझ्या गळ्यात आली, आणि मी ती घेतली.

आता फाटका बँजो घेऊन त्याच्याच दारात उभा राहिलो.

"या पावणं! वाट चुकला व्हय?" त्यानं बँजो हातात घेतला, भोकात बोट घातलं. "शेकवला? अरं, पापड हाय का त्यो?"

हसला तो. मला हसता आलं नाही.

बकऱ्याचं पातळ कातडं भिजवून त्यानं कड्यावर ओढलं आणि सावलीत ठेवलं. दोन दिवसांनी गेलो तर कातडं ताणून धरणारे कडेचे आकडे पिळत बसला होता. एक पिळला की त्याच्या बरोबर समोरचा. प्रत्येक आकड्यापाशी बोटानं टिचकी मारायची, मान कलती करून ऐकायचं, पुन्हा केसभर पिळायचं. हे वाद्य त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तरी अर्ध्या तासात त्याच्या हाताखाली चहूकडून एकच आवाज येऊ लागला. मग बँजोच्या मानेच्या मध्यावरून सुटलेली आखूड पाचवी तार त्यानं छेडली.

"ही तुझी तुणतुण्याची तार. हिनं गाणं म्हनायचं न्हाई, पाठीशी हुबं राह्यचं. अंगठा फिरून फिरून हिच्यावर आला पायजे."

महिनाभर मोबाईलनं जे सांगूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात शिरलं. मी सहज विचारलं, "दोन दिवस सावलीत कशाला? जरा शेकवलं असतं तर?"

"जाळ न्हाई," तो आकड्यांवरची नजर न काढता म्हणाला. "माझ्या हाताला जाळाचा अंदाजच न्हाई. बापाची हलगी म्याच फाडली व्हती. तू व्हतास की तवा."

इतकी वर्षं तो ते स्वतःच्या हातावर घेऊन कामाला बसत होता.

"तू नाही फाडलीस," मी म्हणालो. "तू पाण्याला गेलास तेव्हा मी पुन्हा शेकवली."

त्याचे हात थांबले. "तू?"

"मी."

तो मग म्हणाला, "बापानं ते फाटकं कडं वरीसभर भितीला टांगलं व्हतं. मला दिसावं म्हनून." आणि थोड्या वेळानं, "आता बाप न्हाई. कुनाला सांगू?"

त्यानं बँजो माझ्या मांडीवर ठेवला. "वाजव." मी वाजवला. "अंगठा कुटं गेला?" तो खेकसला. "पुन्यांदा." उठलो तेव्हा म्हणाला, "नवं कातडं सैल पडतंय. बुधवारी ये, पिळून देतो."

बुधवारी गेलो. बँजोकडे त्यानं पाहिलंही नाही. दुकानासमोर कागदाचा छोटा जाळ केला होता आणि तो एक हलगी त्यावर धरून हळूहळू फिरवत होता, मधूनच उलटा हात कातड्यावर ठेवून बघत होता. मी जवळ गेलो तसा मान वर न करता म्हणाला,

"तू लांब हो. तिकडंच थांब."

मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. त्यानं हलगीवर पहिली थाप दिली. तिथवर खणखणीत ऐकू आली.