राजेंद्रची एकट्याची शर्यत

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा राजेंद्र सायकलच्या शर्यतीत एकटा उतरणार, हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. सायकलीचं काही नाही हो, संताप आला तो 'एकटा' या शब्दाचा. या माणसाने उभ्या जन्मात एकट्याने केलंय काय? अंघोळीचं पाणी आधी आईने काढलं, ती गेल्यावर आमच्या आम्रपालीने. टॉवेल समोर दोरीवर असतो, तोसुद्धा हा न्हाणीतून ओरडून मागतो. असा माणूस म्हणे सड्यावर, त्या उघड्या माळावर, जांभ्या दगडांतून आठ तास एकटा सायकल हाकणार. कप्पाळ माझं!

तसा दिसायला बरा, बोलायला गोड. हायस्कुलात क्लार्क आहे. पण नाद एकेक विचारू नका. आधी तबला आणला, तो माळ्यावर गेला. मग मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. मध काढायची वेळ आली तेव्हा तोंडाला ओढणी गुंडाळून पुढे आम्रपाली, आणि हा खिडकीच्या आतून सूचना देतोय. मध मात्र गावभर 'माझ्या पेट्यांचा' म्हणून वाटला. मेल्याला लाज कशी ती नाहीच.

गेल्या वर्षी मुंबईच्या चुलतभावाने त्याला ती जाड टायरची सायकल दिली, आणि झालं! घट्ट चड्डी आली, काळा चष्मा आला, डोक्यावर हेल्मेट आलं. पहिलं पंक्चर झालं तेव्हा हा चाक मांडीवर घेऊन अंगणात दुपारभर बसून होता. शेवटी आम्रपालीने मोबाईलवर बघून ट्यूब बदलली. तेव्हापासून ते काम तिचंच. पावस-पूर्णगड रस्त्यावर चढाच्या तोंडाशी माझं चहाचं खोपटं आहे. तिथे बसून हा लोकांना सांगायचा, "सायकलची काळजी आपली आपण घ्यावी लागते." मी गाळणी आपटायची, तर म्हणायचा, "शालनताई, तुम्हाला नाही कळायचं यातलं."

आता आम्रपालीचं सांगते. ती चौदा वर्षं अंगणवाडीत सेविका आहे. पोरांची वजनं करा, खिचडी शिजवा, घरोघर फिरून कागद भरा. मुख्यसेविकेची परीक्षा निघाली, आणि वयाच्या अटीने तिची ही शेवटची संधी होती. पहाटे उठून अभ्यास करायची पोर. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताने याच्यासाठी मोडाचे चणे धुवायचे. पेपर रत्नागिरीत आणि नेमका शर्यतीच्याच रविवारी.

राजेंद्रने तिला सरळ सांगितलं, "तू शर्यतीच्या तंबूपाशी पाहिजेस. प्रत्येक फेरीला बाटल्या कोण भरून देणार?"

मी तिथेच होते. म्हटलं, "भावोजी, शर्यत एकट्याची ना?"

"रस्त्यात एकट्याची," तो म्हणाला. "रस्त्यात बाहेरच्या कुणी हात लावला तर बाद करतात. तंबूपाशी चालतं. आणि परीक्षा काय, परत येईल."

"माझ्यासाठी परत नाही येणार," आम्रपाली म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मागेही हटली नाही. तो दोन दिवस फुगून बसला. तरी रविवारी उजाडताच तिने सगळ्या बाटल्या भरल्या, लाडू बांधले, तंबूत टेबलावर ओळीने मांडून ठेवले. एवढं करून एसटी धरायला नाक्यावर आली, तर रस्त्याला आडवी दोरी. शर्यतीसाठी दुपारपर्यंत गाड्या बंद! एसटी नाही, रिक्षा नाही, स्कूटरसुद्धा नाही. शर्यतीच्या ग्रुपवर आठ दिवसांपूर्वी कळवलं होतं, आणि राजेंद्रने ते वाचलं होतं.

ती धावत तंबूत गेली. तो हातमोजे चढवत होता.

"अहो, रस्ता बंद आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हां, सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "बरं झालं, आता थांबच तू."

राहिलं म्हणे! चड्डीचा रंग ठरवायला महिना घालवणाऱ्याला हे सांगायचं राहिलं. ऐकलं तेव्हा माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

ती घरी गेली, अंगणवाडीत जायची जुनी लेडीज सायकल काढली, साडी वर खोचली, हॉलतिकीट आणि पेनं पिशवीत घालून पिशवी कॅरिअरला बांधली. दोरीपाशी नारिंगी जाकीट घातलेला एक पोरगा उभा होता. तिने विचारलं, "गाड्या बंद आहेत ना? ही सायकल आहे." त्याने डोकं खाजवलं आणि दोरी वर उचलली. पावसपर्यंत पोचली की पुढे रस्ता मोकळा, तिथून एसटी मिळणार होती. पण मधे अख्खा सडा, आणि वेळ थोडा.

इकडे माझ्या खोपट्यासमोर लोक जमले होते. चढाखालच्या मोरीपाशी राजेंद्रचं पुढचं चाक फुस्स झालं. पहिलीच फेरी हो! उतरला, चाकाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. सीटखालच्या पिशवीत नवी ट्यूब होती, पंप होता, सगळं आम्रपालीने भरून दिलेलं. याने ट्यूब बाहेर काढली आणि हातात धरून उभा राहिला. बाकीचे सायकलवाले शेजारून चढत होते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकजण दया येऊन पुढे गेला, तर तिथला नारिंगी जाकीटवाला ओरडला, "काका, हात लावू नका! त्यांचं त्यांनाच करू दे." झालं, राजेंद्र मोरीच्या कठड्यावर बसला.

तेवढ्यात वळणावर टाळ्या सुरू झाल्या. बघते तर आमची आम्रपाली! घामाने निथळतेय, तोंड लाल झालंय, आणि लोकांना वाटतंय ही पण शर्यतीतलीच. "शाब्बास ताई! दमू नका!" कुणी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने चालत्या सायकलीवरच तोंडाला लावला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

राजेंद्र ताडकन उठला. "आम्रपाली! थांब, थांब, ही ट्यूब!" त्याने ट्यूब अशी पुढे केली, जसं रोज जेवताना ताट पुढे करतो. आणि तिचा पाय खरंच पॅडलवर थांबला. सायकल डुगडुगली. थांबली असती हो ती, सवयच तशी. इथे थांबली असती तर पावसची एसटी गेली असती आणि पेपरही.

"अहो, मी हात लावला तर तुम्हाला बाद करतील," ती म्हणाली, आणि चढाला लागली.

लोक हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसले. तो अर्धा तास ट्यूबशी झटापट करत होता, मग सायकल ढकलत घरी गेला.

आम्रपालीला एसटी मिळाली, पेपर मिळाला, तिने सगळा सोडवला. दिवे लागायच्या सुमाराला ती घरी आली तेव्हा मी तिथेच होते. पाय इतके भरून आले होते की उंबऱ्यापाशीच खाली बसली. पेपर कसा गेला, हे मी विचारलं. राजेंद्र कॉटवर आडवा होता.

"दहा मिनिटांचं काम होतं तुझं," तो म्हणाला. "माझी वर्षभराची मेहनत मातीत घातलीस."

"आणि माझी चौदा वर्षं?" ती म्हणाली.

तो भिंतीकडे तोंड करून वळला. मला वाटलं, चला, आता तरी डोक्यात शिरलं. तर तिकडूनच म्हणतो, "जेवायला काय आहे?"

आणि ती उठायला लागली! भिंतीला हात टेकून, त्या पायांनी! मी तिचा दंड धरला आणि खाली बसवलं. "बस गो गप."

त्याने आमच्याकडे बघितलं. आम्ही काही हललो नाही. मग पुटपुटत उठला, आत गेला. भांडी वाजली, एक डबा उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला.

"मीठ कुठे असतं गं?" त्याने आतून विचारलं.

आम्ही दोघींनीही सांगितलं नाही.