पाल्यावर घसरणारी गाडी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ऐंशीच्या दशकात खानदेशातल्या एका खेड्यातील काही कडुनिंबांनी आणि एका पिंपळाने कोळसा, वाफ आणि सरकार या तिघांचा एकाच वेळी पराभव केला होता. या घटनेची नोंद कुठल्याही इतिहासात नाही. ती करायला जिवंत, उत्साही आणि रिकामा असा सध्या मीच एकटा उरलो आहे. तेव्हा बसा.

चाळीसगावहून धुळ्याला जो रेल्वेचा फाटा जातो, त्यावर आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात सरकारी रुळांचा संबंध येतो. स्टेशन म्हणावं असं तिथे काही नव्हतं. नावाची एक पाटी, एक सिमेंटचं बाकडं, संपलं. शेडचं काम झाडं करत. रुळांच्या दोन्ही बाजूंना ओळीने कडुनिंब आणि त्यांच्यामधून रुळांवर ओणवा झालेला एक जुना पिंपळ. वैशाखात बाकीचा तालुका तव्यावर भाजत असायचा, तेव्हा आमच्याकडचे उतारू त्या सावलीत असे पडून असत की गाडी आली तर त्यांना जरा वाईटच वाटे.

पण माघ लागला की ती झाडं पालटत. निंब आधी पिवळा पडायचा, मग एका सकाळी कुणी इशारा केल्यासारखा बरसायला लागायचा. वारा नसला तरी पानं पडत. त्यांच्यामागून पिंपळाची येत, मोठी, सावकाश, हेलकावे खात, खाली पोचायची घाई नसलेली. रात्रभर पानं पडायची, पहाटे त्यांवर दव पडायचं आणि मालगाडीची चाकं त्या ओल्या पाल्यावरून गेली की रुळावर काळपट, चिकट असा थर बसायचा. साबण लावलेल्या फरशीवर पाय टाकून पाहा, म्हणजे कळेल.

तशात आमच्या थांब्यापासूनच पुढे चढ. सकाळची पॅसेंजर थांबायची, चार माणसं चढायची, गार्ड हिरवी झेंडी दाखवायचा, इंजिन एक लांब श्वास घ्यायचं आणि मग सुरू व्हायची ती गंमत. चाकं गरागरा फिरत. धूर निघे, वाफ निघे, आवाज असा की गाडी आता थेट दिल्लीला पोचते. आणि गाडी जागच्या जागी.

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात विज्ञान शाखेला होतो, रोज अप-डाऊन करायचो. खरं सांगू? त्या घसरण्याइतकं सुख मला नंतर कुठल्याही वेगवान गाडीत मिळालं नाही. धुकं अजून कपाशीच्या शेतात रेंगाळलेलं असे. इंजिनाची पांढरी वाफ त्यात मिसळे, आणि मग धुकं कुठलं आणि वाफ कुठली ते सांगता येत नसे. त्या पांढऱ्यातून पिवळी पानं खाली येत, खिडकीतून आत येत, एखाद्या झोपलेल्या म्हाताऱ्याच्या टोपीवर बसत. खाली चाकं धावताहेत आणि बाहेरचा पिंपळ मात्र जिथल्या तिथे. अर्धवट झोपेत मला वाटायचं, आपण प्रवास करतोच आहोत, फक्त पिंपळही आपल्याबरोबर निघालाय. मग फायरमन उतरून रुळांवर मुठीमुठीने वाळू टाकायचा, आणि अर्ध्या-पाऊण तासाने ते स्वप्न हिसका देऊन धुळ्याकडे निघायचं. कॉलेजात पहिला तास बुडालेला असे. प्राध्यापकांना मी सांगायचो, "सर, पाल्यामुळे उशीर झाला." ते म्हणायचे, "बकरीवर बसून येतोस का?"

या घसरण्यावर ज्यांचं पोट होतं त्या माझ्या आत्या. गाव त्यांना अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. नवरा गेल्यावर त्या माहेरी परतल्या त्या थेट पिंपळाखाली जाऊन बसल्या. पुढ्यातल्या पाटीतला माल ऋतूप्रमाणे बदले, जागा बदलत नसे. माघात बोरं. गाडी पाच मिनिटं थांबली तर ओंजळभर खपायची, घसरत राहिली तर पाटी रिकामी. त्यामुळे चाकं फिरायला लागली की अक्कांचा चेहरा उजळायचा. "खा रे भो, बोरं खा," त्या खिडकीखिडकीशी जाऊन म्हणायच्या, "इंजिनले दम लागना, तुम्हीन काब्र दमतस?" काब्र म्हणजे कशाला.

तर एका माघात नाना बातमी घेऊन आले. नाना म्हणजे आमच्याच गावचे, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे मुकादम. पावसाळ्यात वाहून गेलेल्या खडीसमोरही न हलणारा हा माणूस त्या संध्याकाळी पिंपळाखाली येऊन नुसता बसून राहिला. त्या दिवशीच कुणीतरी येऊन प्रत्येक बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढून गेलं होतं.

"काय व्हयनं, नाना?" अक्कांनी विचारलं.

"वरतून कागद उना," नाना म्हणाले. "गाडीले रोज उशीर व्हस म्हणीसन. मंगळवारले साहेब सवता येई ऱ्हायना. त्याना डोयासमोर गाडी पालावर घसरनी, का झाडे तोडाई गयात."

"बठ्ठा? येकूनयेक?"

"बठ्ठा. पिंपय बी."

अक्का पाटीतली बोरं उगाच इकडची तिकडे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन पालाच नही दिसना ते?"

नानांनी मान वर केली. "मंग साहेब काय लिखी?"

एवढंच बोलणं झालं. नाना सोमवारीच निघून गेले, कारण साहेबांना आणायला त्यांना आधीच्या मोठ्या स्टेशनवर हजर राहायचं होतं. आणि इथेच, वाचकहो, घोटाळ्याचं बीज पडलं. रुळांचं ज्याला कळतं असा गावात एकच माणूस होता, आणि तो गावात नव्हता.

मंगळवारी कोंबडं आरवायच्या सुमारास अक्कांनी गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका उठवल्या. खराटे निघाले. मलाही उठवलं गेलं. थांब्यापासून चढाच्या माथ्यापर्यंत बायका ओळीने वाकल्या, आणि खर्र खर्र असा आवाज धुक्यात चालू झाला, जणू कुणी आभाळच झाडतंय. माणसं दिसत नव्हती. नुसता आवाज, बांगड्या आणि मधूनच एक हसू. मी जरा उभा राहून ते ऐकत होतो, तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, "ओ कालेजवाले, हात चालाडा! पुस्तक नही शे हाई, खराटा शे!"

उजाडलं तेव्हा रुळांवर, रुळांमधल्या खडीवर, कडेच्या वाटेवर पान म्हणून शिल्लक नव्हतं. असलं स्वच्छ काम मी लग्नघरीही पाहिलेलं नाही. तिथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण खानदेशातली बाई अंगण झाडून तशीच घरात जात नाही. हाताला सवयच नाही. झाडलं की सडा. त्यात पाहुणा येणार, तोही साहेब. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण पाहता पाहता बादल्या आल्या, गाईचं ताजं शेण आलं, पाण्यात कालवलं गेलं. अक्का म्हणाल्या, "झाडेल अंगण कोरडं ठेवतस का कोनी?" आणि दोन्ही रुळांवर, माथ्यापर्यंत, हातांनी फेकलेला असा झकास, एकसारखा, हिरवट सडा पडला की बघत राहावं. दोन रुळांच्या मधल्या लाकडी स्लीपरांवर रांगोळ्या निघाल्या.

आता मला विचारा, विज्ञान शाखेचा विद्यार्थी काय करत होता? घर्षण या विषयावर गुण मिळवलेला हा तरुण तेव्हा बादल्या वाहत होता. एवढंच नव्हे, एका स्लीपरवर त्याने स्वतःच्या हाताने रांगोळीत 'सुस्वागतम्' लिहिलं, आणि त्यातल्या 'त'चा पाय वाकडा आला म्हणून पुसून पुन्हा काढला.

गाडी आली. थांब्याशी थांबायची ती जरा पुढे सरकूनच थांबली. ड्रायव्हरने भुवया उंचावल्या. इंजिनातून आधी नाना उतरले, मग साहेब. मध्यम वयाचे, चष्मा, पांढरा शर्ट, काखेत वही. साहेबांनी रुळांकडे पाहिलं, रांगोळीकडे पाहिलं, डोक्यावर पदर घेऊन ओळीने उभ्या बायकांकडे पाहिलं. नानांनी फक्त रुळांकडे पाहिलं, आणि माझ्यासमोर त्यांचा रंग उतरला.

"चला, सुरू करा," साहेब म्हणाले.

इंजिनाने श्वास घेतला. आणि ते जे घसरलं! इतक्या वर्षांचं पाल्यावरचं घसरणं म्हणजे त्यापुढे चालणंच. चाकं अशी फिरली की त्यांचे आरे दिसेनासे झाले. शेणाचे बारीक तुषार उडाले, वाफ उठली, आतल्या उतारूंना वाटलं गाडी निघाली, आणि दोघांनी तर आपल्या माणसांना हात हलवून निरोपही दिला. गाडी निघण्याऐवजी वीतभर मागे आली.

ड्रायव्हर खाली उडी टाकून आला. "बघितलंत साहेब? दर माघात हेच. हे सगळं पाल्याचं काम आहे!"

"कुठे आहे पाला?" साहेबांनी विचारलं.

"इथेच असतो, साहेब."

"असतो ते वाचलंय मी. आत्ता कुठे आहे?"

ड्रायव्हरने वाकून इंजिनाखाली पाहिलं, मागे पाहिलं, पुढे पाहिलं. एवढ्या झाडांखाली एक पान नाही. माणसाला आपली जन्मतारीख आठवू नये तसा त्याचा चेहरा झाला.

साहेब वाकले. रुळावर बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेलं. "हे ओलं काय आहे, मुकादम?"

"दव, साहेब," नाना म्हणाले.

"हिरवं?"

"माघात जरा हिरवटच पडतं आमच्याकडे."

साहेब नानांकडे बराच वेळ बघत राहिले. सगळं थांबलं होतं. इंजिनसुद्धा हळू श्वास घेत होतं. आणि नेमकं तेव्हाच पिंपळाच्या शेंड्यावरून एक पान सुटलं.

ते मी कधीच विसरणार नाही. उन्हाचा पहिला पट्टा धुक्यात शिरला होता, आणि त्या पट्ट्यात ते पान एकटं उतरत होतं, कधी इकडे, कधी तिकडे, मधेच अधांतरी थबकत, सोन्याचं झालेलं. ड्रायव्हरने ते पाहिलं आणि त्याने बोट वर केलं. बायकांनी पाहिलं. खिडक्यांतल्या उतारूंनी पाहिलं. साहेबांनीही चष्मा सावरून मान वर केली. किती वेळ लागला त्याला खाली यायला कोण जाणे, मला तर तेवढ्यात एक माघ उलटून गेल्यासारखा वाटला. ते रुळाच्या अगदी वर आलं आणि अक्का पुढे झाल्या. त्यांनी पदर पसरला. पान पदरात पडलं, त्यांनी ते मुठीत घेतलं आणि मूठ पाठीमागे लपवली, चोरून साखर खाल्लेल्या पोरीसारखी.

साहेबांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू होतं का, ते मी शपथेवर सांगणार नाही.

त्यांनी वही उघडली आणि लिहिलं. लिहिता लिहिता ते मोठ्याने वाचायचे, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. तपासणीच्या वेळी रुळांवर पाला आढळला नाही. तरीही इंजिन घसरले. सबब, दोष झाडांचा दिसत नाही. चढावर वाळूची पेटी ठेवावी आणि माघ-फाल्गुनात टोळीतली दोन माणसं सकाळी इथे द्यावीत. झाडं तोडण्याचं कारण नाही.

ड्रायव्हर तोंड उघडं टाकून उभा राहिला. नानांनी डोळे मिटून घेतले. अक्का पिंपळाच्या बुंध्याशी गेल्या आणि पदराने चुन्याचा तो पट्टा पुसायला लागल्या.

ती झाडं वाचली, हे मी आत्ताच सांगून टाकतो. पुढची कित्येक वर्षं अक्का त्याच पिंपळाखाली बोरं विकत होत्या. शेवटी सांगण्यासारखं ठेवलं असतं, पण शेवटचा शब्द माझा नाही.

फायरमनने वाळू टाकली, बरीच टाकली, आणि गाडी एकदाची चढाला लागायच्या बेतात आली. अक्कांनी साहेबांच्या ओंजळीत बोरं ओतली. साहेब इंजिनाच्या पायरीवर चढले, वळले आणि म्हणाले, "पण एक सांगतो, बाई. इतका स्वच्छ मार्ग मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. रोज असाच ठेवा."

आणि आनंदाने भान हरपलेल्या अक्का, नानांनी तोंडावर बोट ठेवलेलं असताना, साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेल्या:

"मंग सकाय बी शेणना सडा टाकूत का, साहेब?"